सीपॅप घेऊन ॲडमिट व्हायचंय

गेल्या दोन महिन्यांत एकच विषय इतक्या पत्रांत आला की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकललेत, डायबेटिसवाल्यांनी रागवू नका. विषय असा, की घरी रोज रात्री सीपॅप (झोपेत श्वास अडकायचा आजार, म्हणजे स्लीप ॲप्निया, असलेल्यांना मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) लावून झोपणाऱ्या माणसाला ऑपरेशनसाठी किंवा कशासाठीही दवाखान्यात राहायची वेळ आली तर मशीन बरोबर न्यायचं का, कुणाला विचारून न्यायचं आणि तिथे ते लावणार कोण. मी तीस वर्षं भूल द्यायचं काम केलं आणि घरात नवराही सीपॅपवाला आहे, त्यामुळे या विषयावर मी जरा जास्तच बोलते, संपादकांनी आधीच तंबी दिलीये.

मॅडम, माझे सासरे ६८ वर्षांचे आहेत, चार वर्षं झाली स्लीप ॲप्नियासाठी सीपॅप वापरतात. पुढच्या महिन्यात पुण्यात गुडघा बदलायचंय. मी हॉस्पिटलला फोन करून विचारलं मशीन आणू का, तर तिथली मुलगी म्हणाली गरज नाही, आमच्याकडे प्रत्येक बेडला ऑक्सिजन आहे. बाबा म्हणतात चार रात्रींनी काय होतंय. आमचे हे म्हणतात एवढं महागाचं मशीन, तिथे चोरीला गेलं तर? मला एकटीलाच काळजी वाटतेय का? (एक सून, सांगली)

नाही, तुमची काळजी बरोबर आहे आणि मशीन न्यायचं. फोनवरच्या त्या मुलीचा दोष नाही, ती रूम बुकिंगला बसते, पण हे वाक्य मी डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकलंय, "ऑक्सिजन लावलाय ना, मग मशीन कशाला", म्हणून जरा नीट सांगते.

तुमच्या सासऱ्यांना हवेत ऑक्सिजन कमी पडतो असं नाहीये. झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे जाते आणि वाट बंद होते. बागेतल्या पाइपवर कुणी पाय देऊन उभं असेल तर नळ आणखी सोडून काय उपयोग, पाय काढायला पाहिजे, आणि सीपॅप तेच करतं, हवेच्या दाबाने घसा आतून उघडा धरून ठेवतं. नाकाला ऑक्सिजनची नळी लावली तर बोटावरचा आकडा छान दिसतो, ९७, ९८, सगळे निश्चिंत, आणि तिकडे श्वास अडकत असतो आणि कार्बन डायऑक्साइड साठत असतो, तो त्या बोटावरच्या चिमट्याला दिसत नाही. म्हणजे ऑक्सिजन वाईट असं मी म्हणत नाहीये, लागला तर द्यायचाच, पण तो सीपॅपच्या जागी नाही, सीपॅपच्या जोडीला.

आता "चार रात्रींनी काय होतंय" याचं. घरी चार रात्री मशीन नाही लावलं तर बाबा घोरतील, दिवसा पेंगतील, चिडचिड करतील. पण ऑपरेशननंतरच्या रात्री घरच्यासारख्या नसतात. भुलेच्या औषधांचा अंमल थोडा उरलेला असतो, दुखू नये म्हणून ट्रामाडॉल, फेंटानिल, मॉर्फिन यातलं काही चालू असतं, ही सगळी श्वास मंद करणारी औषधं आणि घसाही आणखी ढिला पडतो. त्यात गुडघ्याचं ऑपरेशन म्हणजे माणूस पाठीवर सरळ झोपलेला, आणि ॲप्नियाला सगळ्यात वाईट अवस्था तीच. काही ठिकाणी पाठीतल्या इंजेक्शनमध्येच थोडं मॉर्फिन घालतात, दुखणं मस्त थांबतं पण त्याचा श्वासावरचा परिणाम पहिले चोवीस तास कधीही होऊ शकतो. आणि एक गोष्ट, जी मला स्वतःलाही बऱ्याच उशिरा नीट कळली, ती म्हणजे पहिली रात्र सगळ्यात धोक्याची असं सगळ्यांना वाटतं, पण पहिल्या एक-दोन रात्री पेशंट धड झोपतच नाही, स्वप्नांची गाढ झोप तर जवळजवळ नसतेच. ती झोप मग तिसऱ्या रात्रीच्या आसपास उसनवारी फेडल्यासारखी येते, त्या झोपेत अंगाचे स्नायू एकदम सैल असतात आणि श्वास अडकणं त्या रात्री सगळ्यात जास्त होऊ शकतं. तोपर्यंत सिस्टरांनी मॉनिटर काढलेला असतो, नातेवाईक रिलॅक्स झालेले असतात, कधी कधी तर पेशंट घरी आलेला असतो आणि दुखण्याच्या गोळ्या चालू असतात. म्हणून घरी आल्यावरही पहिल्या रात्रीपासून मशीन, आणि दुपारची डुलकी काढली तरी मशीन. दुपारचं कुणी लावत नाही, मला माहितीये, आमच्याकडेही भांडणं होतात.

आता काय करायचं ते. सर्जनला सांगाच, पण मुख्य म्हणजे भूलतज्ज्ञाला सांगा, ऑपरेशनच्या आधी जी पीएसी म्हणतात ती तपासणी असते तेव्हा. स्लीप स्टडीचा रिपोर्ट न्या, त्यात एएचआय नावाचा आकडा असतो, तासाला किती वेळा श्वास अडकतो त्याचा, तीसच्या वर असेल तर सिव्हियर. मशीनचं प्रेशर किती, मोड कोणता, सीपॅप की ऑटो (दाब स्वतःच कमीजास्त करणारं) की बायपॅप (श्वास घेताना आणि सोडताना वेगळा दाब देणारं), हे बाबांना पाठ नसणार ("डॉक्टरांनी सेट करून दिलंय" एवढंच सगळ्यांना माहीत असतं), तर ज्यांनी सेट केलं त्यांना आजच फोन करून लिहून घ्या. एवढं कळलं की भूलवाला स्वतःच आखणी बदलतो, पूर्ण भूल देण्याऐवजी कमरेत इंजेक्शन, पायाला नर्व्ह ब्लॉक (नस बधिर करणारं इंजेक्शन), पॅरासिटामॉल वेळच्या वेळी, म्हणजे मॉर्फिनसारखं कमी लागतं. आणि पहिली रात्र वॉर्डात ठेवायचं की मॉनिटर असलेल्या बेडवर, हेही तो तेव्हाच ठरवतो. डोक्याकडची बाजू तीस अंश वर करून ठेवायला चालेल का तेवढं विचारून ठेवा.

मशीनच्या परवानगीचं प्रत्येक हॉस्पिटलचं वेगळं असतं. मोठ्या ठिकाणी बायोमेडिकल विभागाचा माणूस येऊन वायर बघतो, प्लग बघतो, स्टिकर लावून जातो, आणि तुमच्याकडून सही घेतात की मशीन आमचं, जबाबदारी आमची. करून टाका सही. काही ठिकाणी बाहेरचं मशीन चालतच नाही. तिथे वाद घालू नका, सरळ विचारा की मग तुमचं कोणतं देणार, कधीपासून, रोजचं भाडं किती आणि ते बिलात कसं दिसणार, टीपीए डेस्कलाही (मेडिक्लेमचं काम बघतात ते) आधीच विचारा. म्हणजे निदान ऑपरेशनच्या रात्री दहा वाजता "मशीन स्टोअरला आहे, स्टोअर बंद आहे" ऐकावं लागत नाही.

एक तांत्रिक गोष्ट, नीट वाचा. घरच्या मास्कला बारीक भोकं असतात, सोडलेला श्वास त्यातून बाहेर जातो. हॉस्पिटलच्या आयसीयूतले काही मास्क बिनभोकाचे असतात, कारण त्यांच्या मशीनला श्वास बाहेर टाकायची वेगळी सोय असते. घरच्या मशीनला तो बिनभोकाचा मास्क लावला तर पेशंट स्वतःचाच सोडलेला श्वास परत आत घेत राहतो. म्हणून आपला मास्क आपल्या मशीनलाच, आणि अदलाबदल करायचीच झाली तर डॉक्टर किंवा टेक्निशियनने करायची, मावशींनी किंवा तुमच्या ह्यांनी नाही.

चोरीचं म्हणाल तर मशीन चोरीला गेल्याचं मी तरी पाहिलं नाही. मास्क मात्र हरवतो, आणि फार वेळा. आमच्या ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी स्वतः सगळी फिल्डिंग लावली होती, रिपोर्ट, प्रेशर, परवानगी, सगळं. सकाळी सहाला चादर बदलायला माणूस आला, ह्यांनी मास्क काढून उशीशी ठेवलेला, तो चादरीत गुंडाळला गेला आणि गेला लाँड्रीत. दुसऱ्यांदा घरून स्पेअर मास्क आणला तर तो मावशींना नेब्युलायझरचा वापरलेला मास्क वाटला आणि त्यांनी शिस्तीत लाल पिशवीत टाकला, प्लास्टिकचा कचरा ज्यात जातो त्यात. म्हणजे नियमाप्रमाणे बरोबरच केलं बिचारीने. दोन दिवसांत दोन मास्क, आणि मी इतकी वर्षं हेच काम केलेली बाई! तेव्हापासून माझा सल्ला असा की मास्कसाठी झाकणाचा प्लास्टिकचा डबा न्या, इडलीच्या पिठाचा चालेल, वर मोठ्या अक्षरात नाव, बेड नंबर आणि "टाकू नका, पेशंटचा स्वतःचा मास्क" असं मराठीत लिहा. मशीनवर, वायरवर, अडॅप्टरवर, सगळ्यावर चिकटपट्टी लावून नाव.

हॉस्पिटलमध्ये ह्युमिडिफायरला (हवा ओलसर करणारं मशीनचं पाण्याचं भांडं) डिस्टिल्ड वॉटर मिळालं नाही. सलाइनची बाटली होती, शेजारचे म्हणाले तेही शुद्धच असतं, घाला. घातलं नाही, पण चाललं असतं का? (नांदेड)

नाही. सलाइन शुद्ध असतं पण ते मिठाचं पाणी आहे, पाणी उडून गेलं की मीठ तळाच्या गरम पत्र्यावर बसतं. सिस्टरकडे स्टराइल वॉटरची बाटली मागा, दिसायला सलाइनसारखीच असते म्हणून लेबल वाचूनच ओता. बिसलेरी नको, नळाचं तर नकोच, आणि पेट्रोल पंपावरचं बॅटरीचं पाणी घरी वापरणारे बरेच जण आहेत त्यांनाही सांगते की ते गाडीसाठी बनवलेलं असतं, श्वासात घ्यायला नाही, मेडिकलमधून आणा. काहीच नाही मिळालं तर एक-दोन रात्री ह्युमिडिफायर बंद ठेवून कोरडं चालवा, नाक सुकेल, घसा खरखरेल, बाकी काही होत नाही.

आणि मशीन हलवताना आधी भांडं काढून रिकामं करायचं. ऑपरेशन थिएटरमधून रूममध्ये शिफ्ट करताना मामा लोक मशीन पेशंटच्या पायाशी आडवं ठेवतात, पाणी सरळ मोटरीत जातं आणि त्या रात्री मशीन संपलं.

माझं वय ४४, पुढच्या आठवड्यात नाकाचं हाड सरळ करायचं ऑपरेशन, जनरल वॉर्ड. सहा जणांत ते हत्तीचं तोंड लावून झोपायची लाज वाटते, शिवाय आवाजाने लोक वैतागतील. (नाशिक)

लाजेचं मी काय सांगू, पण आवाजाचं सांगते. हे मशीन ज्यांनी शोधलं ते कॉलिन सलिव्हन, सिडनीचे डॉक्टर, त्यांचा पहिला लेख १९८१ साली लॅन्सेटमध्ये आला, आणि सुरुवातीची मशीनं व्हॅक्युम क्लीनरच्या मोटरीवर चालायची, मास्क तर नाकाला अक्षरशः चिकटवायचे. त्या काळी वॉर्डातले लोक वैतागले असते हे मान्य. आताच्या मशीनचा आवाज तीस डेसिबलच्या आसपास असतो, छताचा पंखा त्याहून जास्त करतो. आणि बिनमशीनचे तुम्ही जे घोरणार ते आधी वहिनींना विचारा!

पण तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे आणि तो तुम्ही विचारलाच नाही. नाकाच्या ऑपरेशननंतर नाकात पॅकिंग असलं तर नाकावरचा मास्क काय कामाचा? तोंडनाक दोन्ही झाकणारा मास्क लागेल, आणि तोही कधीपासून लावायचा ते ईएनटी सर्जनच सांगणार, काही ऑपरेशनांनंतर थोडे दिवस दाबाची हवा नाकात नको असते. आणि मग त्या रात्री मशीनशिवाय कसं, मॉनिटर कुठे, उशी किती उंच, दुखण्याला कोणती गोळी, हे सगळं आज फोन करून विचारा, ऑपरेशनच्या सकाळी नाही. झोपेची गोळी कुणी प्रेमाने दिली तर घेऊ नका, आधी ॲप्निया आहे म्हणून सांगा.

मी न्यू जर्सीला असते, डिसेंबरमध्ये पुण्यात आईकडे येऊन पित्ताशयाचं ऑपरेशन करून घेणार आहे. माझं सीपॅप तिथल्या ११० व्होल्टचं आहे, भारतात चालेल का? मशीन २०१८ चं आहे.

अडॅप्टरच्या ठोकळ्यावर बारीक अक्षरात वाचा, बहुतेकांवर १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेलं असतं, तसं असेल तर ट्रान्सफॉर्मरचं धूड आणायची गरज नाही, फक्त पिनचा प्रश्न. पण तो हलणारा ट्रॅव्हल कन्व्हर्टर वॉर्डात नको, रात्री पाय लागून निघतो आणि बायोमेडिकलवालाही नाक मुरडतो. ठोकळ्यात घुसणारी वायर वेगळी निघत असेल तर इथे कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात त्या खाचेची, लॅपटॉपच्या चार्जरला असते तशी, भारतीय पिनची वायर मिळते, ती घ्या. बेडमागच्या बोर्डावर जनरेटर किंवा यूपीएसची लाइन असलेला सॉकेट कोणता ते सिस्टरला विचारून त्यातच लावा, मल्टिप्लगवर सलाइनच्या पंपाशेजारी नको. लाइट जाऊन आले तर मशीन स्वतः सुरू होतं की बटण दाबावं लागतं, हे घरी प्लग काढून एकदा बघून ठेवा. विमानात केबिनमध्येच ठेवा, लगेजला टाकू नका.

२०१८ चं म्हणालात म्हणून आठवलं, मशीन फिलिप्सचं आहे का बघा. २०२१ च्या जूनमध्ये त्यांनी त्यांची बरीच मॉडेलं परत मागवली होती, आतला आवाज कमी करणारा फोम झिजून त्याचे कण हवेच्या वाटेत येऊ शकतात म्हणून. तुमचं त्यातलं असेल आणि बदलून घ्यायचं राहिलं असेल तर निघायच्या आधी सिरियल नंबर टाकून तपासा.

पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर मळमळ, उलटी होते. तोंड झाकणारा मास्क असेल तर तो स्वतःच्या हाताने झटकन काढता येईल इतकी जाग असल्याशिवाय लावायचा नाही, आणि पहिल्या रात्री आईला नाही, एखाद्या तरण्या माणसाला सोबत ठेवा.

वडिलांना रात्री दोनला छातीत दुखायला लागलं, ॲम्ब्युलन्सने नेलं, मशीन घरीच राहिलं. सकाळी नेलं तर आयसीयूत आत घेऊ देईनात. आम्ही भांडायला हवं होतं का? (लातूर)

नाही हो. आयसीयूत तुमच्या मशीनपेक्षा भारी मशीनं असतात आणि सतत मॉनिटर असतो, तिथे आपलं मशीन नसलं तरी अडत नाही, त्यांना फक्त माहिती पाहिजे. "रोज रात्री सीपॅप लावतात, प्रेशर इतकं" हे आरएमओला (ड्युटीवरच्या डॉक्टरला) सांगून केसपेपरवर लिहून घेतलं की तुमचं काम झालं. पेशंट अर्धवट शुद्धीत असेल, उलट्या होत असतील, बीपी पडलेलं असेल तेव्हा घरचं मशीन लावणं धोक्याचंही असतं. ताप-खोकला असेल, टीबी किंवा कोविडचा संशय असेल तर मास्कच्या भोकांतून हवा वॉर्डभर उडते, तेव्हाही आधी विचारायचं. मशीनची खरी वेळ आयसीयूतून वॉर्डात आल्यावर असते, आणि नेमकं तेव्हाच सगळे विसरतात.

वॉर्डात मशीनच्या नळीला ऑक्सिजन जोडायचा झाला तर क्रम लक्षात ठेवा. सुरू करताना आधी मशीन, मग ऑक्सिजन. बंद करताना आधी ऑक्सिजन, मग मशीन. उलटं केलं तर बंद मशीनमध्ये ऑक्सिजन साठतो आणि आगीचा धोका. हे सिस्टर करतील, पण रात्री बाथरूमला उठताना मशीनचं बटण तुमचे बाबाच दाबणार आहेत ना, म्हणून त्यांना सांगा.

मास्कच्या क्लिपांना चुंबक आहे. एमआरआयला चालतो का? आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, त्या रात्री मशीन लावू का? (चिपळूण)

चुंबकवाला मास्क एमआरआयच्या खोलीत न्यायचाच नाही, बाहेर डब्यात. पेसमेकर, मेंदूतली क्लिप किंवा शंट (मेंदूतलं जादा पाणी काढणारी नळी) असं काही शरीरात असेल, तुमच्या किंवा शेजारी झोपणाऱ्याच्या, तर चुंबकाचा मास्क बदलूनच घ्या. मोतीबिंदूला भूल बऱ्याचदा नुसत्या थेंबांची असते, पण सरळ पाठीवर पडून डोळा स्थिर ठेवायचा असतो, आणि रात्री नीट न झोपणारा माणूस तिथे टेबलावरच पेंगतो आणि घोरत डोकं हलवतो, म्हणून डॉक्टरांना आधी सांगा. रात्री मशीन लावायचं का ते त्यांनाच विचारा, ते हो म्हणाले तर मास्कच्या वरच्या कडेतून हवा डोळ्यावर येत नाही ना ते आधी दोन दिवस आरशासमोर बसून बघा. ओला हात नाकाच्या वरच्या हाडाशी धरला की गळती लगेच कळते.

रात्रपाळीच्या सिस्टरना मास्क लावताच येत नव्हता, पट्टे उलटे घातले, बाबा रात्रभर जागे. तक्रार करू का? (ठाणे)

करा हवी तर, पण मास्कच्या इतक्या तऱ्हा आहेत की मलाही नवीन दिसला की दोन मिनिटं चाचपावं लागतं, आणि त्या सिस्टरकडे रात्री वीस पेशंट असतात. आमच्याकडे एका पेशंटच्या मुलीने काय केलं, वडिलांना मास्क घालून समोरून, बाजूने आणि मागून असे तीन फोटो काढले, प्रिंट मारून बेडमागच्या भिंतीला सर्जिकल टेपने चिकटवले. खाली मशीनचं बटण कोणतं त्यावर बाण आणि स्वतःचा फोन नंबर. पाचही रात्री कुणी तिला फोन केला नाही, आणि शेजारच्या बेडवालीने मला विचारलं की असला मास्क तिच्या नवऱ्यालाही मिळेल का, तोही असाच घोरतो.